का उघडली नाही, ते सांग

सर बसलेले मला आठवतच नाहीत. आठवायला गेलं की ते कुठून तरी कुठं तरी निघालेले दिसतात. लॅबच्या दारातून फळ्याकडं, फळ्याकडून खिडकीकडं, खिडकीतून बाहेर कुणाला तरी हाक मारून परत माझ्या मागं. धाराशिवला आमच्या डिप्लोमा कॉलेजात ते सी भाषा शिकवायचे. खुर्ची होती त्यांना, पण तिच्यावर डस्टर आणि प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा बसायचा. चहाही ते फेऱ्या मारतच प्यायचे, त्यामुळं अर्धा त्यांच्या पोटात आणि अर्धा लॅबच्या फरशीवर. लॅब झाडणाऱ्या मामांनी याच कारणावरून त्यांच्याशी दोन वर्षं अबोला धरला होता आणि सरांना ते कळलंच नव्हतं.

माणूस किडकिडीत. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत, खिशात पेनाऐवजी खडू. चष्मा सारखा काढायचा, पुसायचा, घालायचा. त्यांच्याशी दहा मिनिटं बोललं की आपलेही पाय हलायला लागायचे. मला ती सवय अजून आहे. एवढं लिहीपर्यंत मी दोनदा उठून आले.

त्यांचं वेड एकच, पण ते पुरेपूर होतं. प्रोग्रामला फाईल वाचता आली नाही, तर प्रोग्रामनं माणसाला काय सांगावं? शहाण्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. सरांना दुसरा पडत नसे.

पहिल्याच महिन्यात मी एक प्रोग्राम लिहिला होता. विद्यार्थ्यांच्या नावांची फाईल उघडायची आणि नावं दाखवायची, एवढाच. फाईल उघडली नाही तर स्क्रीनवर ‘फाईल एरर’ असं यायचं. बाकीच्यांनी एवढंही लिहिलेलं नव्हतं. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. सर मागून आले, स्क्रीन वाचली आणि म्हणाले, ‘जा, स्टाफरूममधून हजेरीपट घेऊन ये.’

मी पटांगण ओलांडून गेले. कपाट उघडेना. परत आले आणि म्हणाले, ‘सर, मिळाला नाही.’

‘बरं. कपाटच सापडलं नाही, का सापडलं पण उघडंना, का उघडलं आणि आत हजेरीपट नव्हता?’

‘उघडलं नाही, सर.’

‘का उघडलं नाही?’

ते मी बघितलं नव्हतं. ‘जा, बघून ये,’ म्हणाले. गेले. कुलूप होतं. परत आले. ‘किल्ली कुणाकडं?’ परत गेले. तोवर सगळा वर्ग खिडक्यांना लागला होता आणि माझ्या फेऱ्या मोजत होता. किल्ली क्लार्ककडं होती आणि क्लार्क जेवायला गेले होते. तिसऱ्या फेरीनंतर धापा टाकत मी एका दमात सांगितलं, ‘हजेरीपट आणता आला नाही. डावीकडच्या कपाटाला कुलूप आहे, किल्ली क्लार्ककडं आहे, ते दोन वाजता जेवून येतील.’

‘हां,’ सर म्हणाले. ‘आता मला कळलं काय करायचं. मी दोनला जाईन. मघाशी तू नुसतं मिळाला नाही म्हणालीस, तेव्हा मी काय करायचं होतं? कपाळाला हात लावून बसायचं?’

वर्ग हसला. मी जिल्ह्यातल्याच वाशी गावाहून आलेली, ओढणीला चार पिना लावून बसणारी मुलगी. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. पण त्या दिवशी प्रोग्राम बदलून लिहिला, तो अजून माझ्या हाताला पाठ आहे. कोणती फाईल, का उघडली नाही, आता काय करायचं. हे तीन प्रश्न सरांनी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवले होते. दुसऱ्या कुठल्या सरांनी फळा पुसताना ते पुसले तर आमचे सर तासाच्या मध्येच येऊन पुन्हा लिहून जायचे. त्या तासाच्या सरांची परवानगी वगैरे काही नाही.

‘मशीनला कारण माहीत असतंय,’ हे त्यांचं नेहमीचं. सी भाषेत एक छोटासा आकडा असतो, त्यात मशीन आपल्या अपयशाचं कारण लिहून ठेवतं. फाईल त्या नावाची नाहीच, किंवा आहे पण वाचायची परवानगी नाही, किंवा आणखी काही. ‘ते सांगायला तयार बसलेलं असतंय. आपणच विचारत नाही. आणि विचारायचं तर लगेच विचारायचं. मध्ये दुसरं काम काढलं की त्या आकड्यावर दुसरा आकडा पडतो, मग बसा बोंबलत.’ हे सांगताना ते इतक्या तळमळीनं सांगायचे, की कुणाच्या तरी घरची गोष्ट चालली आहे असं वाटायचं.

वेड लॅबमध्ये राहिलं असतं तर ठीक होतं. ते गावभर फिरायचं. एखाद्या दुकानावर ‘आज बंद’ अशी पाटी दिसली की सर खिशातला खडू काढून खाली लिहायचे, ‘का? उद्या उघडणार का?’ एकदा मी वाशीला निघाले होते आणि सर सोबत स्टँडपर्यंत आले. चौकशीच्या खिडकीतल्या माणसानं वर न बघता सांगितलं, ‘वाशी गाडी न्हाय.’

‘निघालीच नाही, का निघून रस्त्यात बंद पडली, का येऊन गेली?’ सरांनी विचारलं. ‘एकीत थांबायचं, दुसरीत जीप बघायची, तिसरीत उद्या यायचं. तुम्ही न्हाय म्हणालात, मी यातलं काय करू?’

त्या माणसानं पेन खाली ठेवलं. ‘सर, तुमी दर आठ दिवसाला येऊन ह्येच इचारताव. तुमास्नी जायचंय तरी कुठं?’

सरांना कुठंच जायचं नव्हतं.

त्यांच्या घरी त्यांची बायको, आमच्या काकू, होत्या. मी काकूंकडं दर शनिवारी जेवायला असायचे. एकदा मीठ संपलं होतं, तर काकूंनी स्वयंपाकघरातून आवाज दिला, ‘अहो, मीठ न्हाय,’ आणि लगेच माझ्याकडं बघून पुढचं म्हणून टाकलं, ‘डबा जाग्यावर हाय, झाकण उघडलंय, आत मीठ न्हाय, कोपऱ्यावरचं दुकान उघडं हाय, पिशवी दाराला हाय.’ सर निमूटपणे पिशवी घेऊन गेले. काकू म्हणाल्या, ‘बग, ह्यांच्याशी संसार करायचा म्हनजे तोंड दुखतंय. लग्नात नाव घे म्हनले तर म्या नाव घेतलं, अन् ह्यांनी इचारलं, आडनाव का न्हाय घेतलं.’

हे सगळं ऐकायला गमतीचं आहे. सोसायला नव्हतं. आमच्या वर्गातली एक मुलगी चार दिवस आली नव्हती. पाचव्या दिवशी आली, तर सरांनी सगळ्यांसमोर कारण विचारलं. ती म्हणाली, घरी अडचण होती. सर म्हणाले, अडचण म्हणजे काय, कसली अडचण, कुणाला? ती वही काढायला लागली. सरांनी पुन्हा विचारलं, आणि तिसऱ्यांदाही विचारलं. मग तिनं सांगितलं. तिच्या बहिणीला सासरच्यांनी हाकलून दिलं होतं आणि भाऊ-वडील तिकडं भांडायला गेले होते. सांगून ती डोकं बाकावर टेकून रडायला लागली. मला त्या वेळी सर अजिबात आवडले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात तिची माफी मागितली, फेऱ्या मारत मारत, तिच्याकडं न बघता. मग म्हणाले, प्रत्येक कारण प्रत्येक स्क्रीनवर टाकायचं नसतं, हे मला आधी कळायला पाहिजे होतं. आणि लगेच फळ्याकडं वळून प्रोग्राम लिहायला लागले.

आता कारखान्याचं सांगते. ते सांगायचं म्हणूनच लिहायला बसले आहे, आणि मघापासून टाळते आहे.

जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात सरांनी ऊसतोडणीच्या यादीचा प्रोग्राम करून दिला होता. कोणता कारखाना ते सांगत नाही. माझा डिप्लोमा झाला तेव्हा सरांनी मला तिथं शेतकी विभागात सहा महिन्यांच्या बोलीवर लावलं. घरी दादा, म्हणजे माझे वडील, एका अटीवर तयार झाले. ‘सहा महिने बग. ठेवून घेतलं तर कर नोकरी. न्हाय ठेवलं तर उन्हाळ्यात पावणे बगायला येतील, तवा मला पुन्हा शिकायचंय, आमकं करायचंय, असली नाटकं चालायची न्हाईत.’ पाहुणे ठरलेलेच होते. मुलाचा फोटोसुद्धा घरात येऊन पडला होता, देवळीत, पंचांगाखाली. त्यामुळं ते सहा महिने म्हणजे माझं सगळं होतं. हे नीट सांगितलं पाहिजे, कारण पुढं मी जे केलं ते त्यापायी केलं.

ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी, असा नियम. गावोगावच्या गट ऑफिसात शेतकऱ्यांच्या लागणीची नोंद व्हायची. त्या नोंदींच्या फाईली पेन ड्राइव्हवर कारखान्यात यायच्या. आमचा प्रोग्राम त्या वाचायचा, सगळ्या एकत्र करायचा आणि दर पंधरवड्याला यादी छापायचा. यादी बाहेर भिंतीवर लागली की तिच्याप्रमाणं तोडणी कामगारांच्या टोळ्या फडात जायच्या. यादीत नाव नाही म्हणजे टोळी येणार नाही. टोळी आली नाही की ऊस उभ्यानं वाळतो, आणि तोड उशिरा झाली की त्याच बुडख्यांतून फुटणारं पुढच्या वर्षीचं पीक, खोडवा, तोही धड येत नाही.

अणदूर गटाचे पेन ड्राइव्ह आणणारे एक कर्मचारी होते. भला माणूस, पण पेन ड्राइव्ह तंबाखूच्या खिशात, चुन्याच्या डबीला खेटून. डबी कधी नीट बंद नसायची. त्यांचा पेन ड्राइव्ह मशीनला लावायच्या आधी मी साडीच्या पिनेनं चुना कोरून काढायची. तरी तो कधी चालायचा, कधी मध्येच थांबायचा.

या मध्येच थांबण्याचीच सरांना सगळ्यांत जास्त धास्ती होती. फाईल उघडलीच नाही तर निदान कळतं. उघडली, वाचायला लागलो आणि मध्येच थांबलो, तर? प्रोग्रामला दोन्ही सारखंच दिसतं. पुढची ओळ मिळाली नाही, की त्याला वाटतं झालं. म्हणून थांबल्यावर विचारायचं असतं, फाईल संपली म्हणून थांबलास, का वाचताना अडचण आली म्हणून? सरांनी माझ्या शेजारी उभं राहून ते विचारणाऱ्या दोन ओळी माझ्याकडून लिहून घेतल्या. अडचण आली तर यादीच्या डोक्यावर छापून यायचं, ‘अणदूर गटाची फाईल अर्धीच वाचली गेली आहे. पेन ड्राइव्हवरून वाचताना अडचण आली. ही यादी वापरू नये. गट ऑफिसकडून फाईल पुन्हा मागवावी.’

हंगाम सुरू व्हायच्या आधी चाचण्या चालल्या होत्या तेव्हा हा मजकूर तीन-चारदा छापून आला. आमचे शेतकी अधिकारी वैतागले. हंगामाची पहिली मोळी गव्हाणीत टाकायच्या दिवशी आमच्याकडं पहिल्या यादीचीही पूजा असायची. पाटावर यादी ठेवायची, तिला हळदीकुंकू लावायचं, चेअरमनसाहेबांनी नारळ फोडायचा. आदल्या दिवशी अधिकारी माझ्या टेबलाशी आले.

‘बाई, पूजेच्या यादीवर ही यादी वापरू नये असं आलं तर साहेब काय म्हनतील? काढून टाका ते.’

‘सरांना विचारते,’ मी म्हणाले.

‘सर कुठं एका जागी सापडतेत? दोन ओळी तर हायत. पूजा झाली की परत घाला. तुमचे बी सहा महिने चालूच हायत की.’

शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं असेल. मला ते सहज वाटलं नाही. सी भाषेत ओळीच्या आधी दोन तिरप्या रेघा मारल्या की ती ओळ तिथंच राहते, दिसते, फक्त काम करत नाही. मी दोन्ही ओळींआधी रेघा मारल्या. पूजा झाली. मला पेढा मिळाला. दुसऱ्या दिवशी उसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली आणि मी म्हटलं, उद्या करू. उद्याही तेच म्हटलं. पुढची यादी स्वच्छ आली, त्याच्या पुढचीही. अधिकारी खूश होते. खरं सांगते, मलाही बरं वाटायला लागलं. डोक्यावर पुराण नसलेली यादी दिसायला चांगली दिसते.

हे आजवर मी कुठं लिहिलं नव्हतं. त्या कारखान्यात अजून लोक म्हणतात, सरांचा प्रोग्राम बिघडला होता. प्रोग्राम बिघडला नव्हता. मी त्याचं तोंड बंद केलं होतं.

फेब्रुवारीतला शनिवार होता. सर कॉलेज सुटल्यावर दर शनिवारी कारखान्यात यायचे, तसे आले होते. खिडकीबाहेर अणदूरच्या एक मावशी उभ्या होत्या, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. खिडकीवर आमचे क्लार्क होते.

‘मावशी, सांगितलं की, यादीत नाव न्हाय.’

‘कामून न्हाय? तिसऱ्यांदा यायलेय म्या.’

‘न्हाय म्हनजे न्हाय. नोंद केली नसल तुमी.’

सर चहाचा कप घेऊन मागून चालले होते. थबकले. ‘न्हाय म्हणजे काय? नोंद नाही, का नोंद आहे आणि यादीत आली नाही?’

क्लार्क हसले. सरांचं हे सगळ्यांना माहीत होतं. पण मावशींनी पिशवीतून नोंदीची पावती काढली, चार घड्या घातलेली, आणि खिडकीतून आत सरकवली. सरांनी ती वाचली. कप खिडकीतच ठेवला आणि पावती घेऊन माझ्या टेबलापाशी आले. एकत्र केलेली फाईल उघडायला लावली. अणदूर गट काढला. जानेवारीपासून तो गट अर्धाच होता. शेवटच्या शेतकऱ्याचं आडनावसुद्धा पुरतं नव्हतं, दोन अक्षरं आणि पुढं कोरं. त्याच्या खालची वीसएक नावं आलीच नव्हती. ज्यांची लागण उशिराची, त्यांना वाटत होतं आपली पाळी अजून यायची आहे, म्हणून कुणी विचारलंही नव्हतं.

मग सरांनी प्रोग्राम उघडला. मला ते कसं थांबवावं कळेना. खाली खाली जात त्यांचं बोट त्या दोन रेघांवर येऊन थांबलं.

‘कधीपासून?’

‘पूजेच्या आदल्या दिवसापासून.’

‘हं,’ म्हणाले. स्वतःच्या हातानं त्या रेघा पुसल्या, टेबलावरचा अणदूरचा पेन ड्राइव्ह लावून यादी पुन्हा छापली, डोक्यावर चार ओळींचा मजकूर आला. तो कागद घडी करून खिशात घातला आणि गेले. ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

सोमवारी मीटिंग झाली. दोन संचालक, शेतकी अधिकारी, सर आणि भिंतीला टेकून मी. सर फेऱ्या मारत होते. मोठे संचालक म्हणाले, ‘सर, बसा हो जरा. आमाला गरगरायला लागलं. काय झालं नेमकं ते सांगा.’

मला वाटलं, आता सगळं बाहेर येणार. कोणती फाईल, का, कुणामुळं. शेतकी अधिकाऱ्यांचाही चेहरा उतरला होता, कारण त्या ओळी काढायला सांगणारे ते होते. सरांनी चष्मा काढला, पुसला.

‘वाचताना काहीतरी गडबड झाली,’ म्हणाले.

‘काहीतरी म्हनजे?’

‘काहीतरीच.’

‘प्रोग्राम कुणाचा?’

‘माझा.’

संचालकांनी समोरची यादी बाजूला सारली. ‘सर, तुमी अख्ख्या धाराशिवला कारनं इचारत फिरताव, अन् आमाला काहीतरी सांगताव व्हय? शेतकऱ्याचा ऊस हाय हो त्यो. उद्यापासनं तुमी येऊ नका.’

मी तिथंच उभी होते. तोंड उघडायचं होतं फक्त. माझ्या डोळ्यांसमोर देवळीतला तो फोटो होता, आणि मी गप्प राहिले. त्या गप्प राहण्याची लाज मला आजही वाटते, आणि ती कमी झालेली नाही.

माझे सहा महिने पुरे झाले. मुदत वाढली. दादांनी फोटो परत पाठवला. सरांचं मात्र गावात हसं झालं. स्टँडवरचा खिडकीतला माणूस त्यांना लांबून बघूनच म्हणायचा, ‘सर, काहीतरी गडबड झाली, म्हनून गाडी न्हाय.’ कॉलेजातली पोरंही प्रोग्राम चुकला की हेच वाक्य मुद्दाम त्यांच्यासमोर टाकायची. सर ऐकून घ्यायचे आणि पुढं चालायला लागायचे. मी शनिवारी जेवायला जायचं बंद केलं होतं, पण रस्त्यात भेटले की ते उभ्या उभ्या माझी, दादांची चौकशी करायचे. ते गेले त्याला आता तीन वर्षं झाली. तोपर्यंत आम्ही दोघं त्या विषयावर एकदाही बोललो नाही.

पण अणदूरला मी गेले होते. ते सरांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

एप्रिल लागला होता. बाकीच्यांच्या फडांत टोळ्या वळवून तोड उरकली होती. मावशींचं शेत गटाच्या अगदी टोकाला, वाट वाईट, म्हणून त्यांचा नंबर सगळ्यांत शेवटी लागला होता. एका रविवारी मी जीपमधून उतरले, विचारत विचारत त्यांच्या शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे खोपीवर, गेले. काय बोलायचं ते जीपमध्ये घोकलं होतं. मावशी सावलीला बसून पाचटाच्या पेंढ्या बांधत होत्या.

‘मावशी, मी कारखान्यातली.’

‘वळखलं. खिडकीच्या आत बसतीस तू.’

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्या दोन ओळी कशासाठी होत्या, मी त्या कधी बंद केल्या, कुणाच्या सांगण्यावरून केल्या, आणि नाही म्हणता आलं असतं तरी म्हटलं नाही. ‘सरांची चूक नव्हती, मावशी. माझी होती.’

त्यांनी हातातली पेंढी पुरी बांधली. ‘ठाव हाय मला,’ म्हणाल्या.

‘कसं?’

‘तुजे सर आल्ते की. यादीतली चूक घावली त्याच्या दुसऱ्याच दिशी, ऐतवारी. बसा म्हनलं तर बसनात. ह्या आखाड्याभोवती फिरत फिरत समदं सांगितलं. चुन्याची डबी, त्या दोन ओळी, तुजं नाव बी सांगितलं. अन् म्हनले, उद्या मीटिंग हाय, मला इचारतील कुनी केलं. नुसकान तुमचं झालंय, तवा तुमी सांगा, पोरीचं नाव घेऊ का नगं.’

मी तिथंच पाचटावर बसले.

‘मग?’

‘म्या इचारलं, नाव घेतलं तर तिचं काय हुईल? म्हनले, नोकरी जाईल, अन् घरचे लगीन लावून देतील. न्हाय घेतलं तर? म्हनले, मग माझं काम जाईल. म्या म्हनलं, मग तुमचंच जाऊ द्या सर, तुमी तसं बी एका जाग्यावर टिकत न्हाई.’ मावशी हसल्या. मला हसता आलं नाही. ‘पर एक बोलले व्हते म्या त्यांस्नी. म्हनलं, त्या पोरीला एकदा हिकडं लावून द्या. तिनं ह्यो फड डोळ्यानं बगावा. सांगितलं न्हाय त्यांनी तुला?’

‘नाही.’

‘एकदाबी न्हाय?’

‘नाही.’

मावशींनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. ‘मग आपल्या मनानंच आलीस व्हय.’

‘हो. पण सात आठवडे लागले, मावशी.’

‘लागले की,’ त्या म्हणाल्या. मांडीवरचं पाचट झटकून उठल्या. ‘चल आता.’

त्या पुढं, मी मागं. खोडव्याला फुटवा नव्हता. एखाद्या सरीत चार-पाच हिरवे कोंब, बाकी नुसती वाळकी बुडखी. कुठं किती ऊस होता, तुरे कधी आले, टोळी आली तेव्हा कोयता कसा लागत नव्हता, ते त्या सरीसरीला थांबून सांगत गेल्या. ऊन चढलं होतं. फड दीड एकराचा होता. आम्ही शेवटच्या बांधापर्यंत गेलो.